टेपचं माप

शिवणकाम करणारी मावशी आपल्या तक्रारीची प्रत घ्यायला तिसऱ्यांदा पोलीस ठाण्यात आली. दोनदा "साहेब नाहीत" म्हणत हवालदारानं तिची बोळवण केली होती. आज प्रत हाती पडली, पण तीत नवऱ्याच्या मारहाणीचा 'किरकोळ घरगुती वाद' झाला होता. मावशीचं डोकंच फिरलं. गळ्यातली टेप काढून तिनं दंडावरचा काळानिळा वळ मोजला.

"साडेचार इंच. लिहा."

"अहो ताई, इंच-दोन इंचानं काय फरक पडतो?"

"माप चुकलं की कापड वाया जातं, दादा. माझी बारा वर्षं गेलीत."

हवालदारानं कोरा कागद ओढला. मावशीनं टेप शेजारच्या महिला शिपायाच्या हातात दिली.

"पाठीचं माप तुम्ही घ्या, बाई. तिथं माझा हात पोचत नाही."