मंजीराच्या धुक्यात ओ कुणी दिली?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेत फिजिक्स शिकवते. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा टाकायला उठते. पण हा किस्सा माझाच आहे, उठून जाणार कुठे...

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. मी हैदराबादची, चिक्कडपल्लीत वाढलेली. नवरा श्रीकांत पुण्याचा, नव्याने निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याला नावाने हाक मारणं मला जमेना. आईच्या वळणाने मी आपली ‘अहो’वरच. तो चिडवायचा, "अगं, सगळे नवरे वळून बघतील!"

त्याला पक्ष्यांचं वेड. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही संगारेड्डीजवळ मंजीरा नदीवर गेलो. आमच्या नळाला हिचंच पाणी, पण नदी मी पहिल्यांदाच बघत होते. लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या, खडकावर ऊन खात पडलेली मगर... मी हरखूनच गेले.

तिथे पुट्टी असते, म्हणजे बांबूच्या गोल टोपलीसारखी होडी, खालून डांबर फासलेली. पुढच्या पुट्टीत श्रीकांत आणि एक नावाडी, मागच्या पुट्टीत मी आणि दुसरा नावाडी, येल्लय्या. ऊन चांगलं वर आलेलं, आणि तरी बघता बघता धुकं उतरलं. पुढची पुट्टी दिसेनाशी झाली. श्रीकांतला पोहता येत नव्हतं.

"अहो!" मी ओरडले.

"ओ! आलो गं, आलो!" डावीकडून त्याचाच आवाज. हायसं वाटलं.

येल्लय्याने पुट्टी तिकडे वळवली. मी हाक मारायची, तो ओ द्यायचा... पण अंतर काही कमी होईना. येल्लय्याने वल्हं थांबवलं.

"उधर कौन है अम्मा? आरूं आरूं बोलरा, आता नहीं. नाम लेके बुलाव!"

"मेरे से नहीं होता," मी म्हणाले. खरंच, जीभच उचलेना. तेवढ्यात डावीकडून अगदी लाडाने आलं — "अगं, तूच ये ना इकडे."

सगळा जीव एकवटून मी किंचाळले, "श्रीकांत!"

डावीकडचा आवाज एकदम बंद झाला. आणि उजवीकडून, लांबून — "वसू! इकडे! पुट्टीत पाणी शिरलंय!"

दोघं एका खडकाला धरून होते, पाणी छातीपर्यंत. दोघांना आमच्या पुट्टीत ओढून घेतलं आणि मी रडत सुटले.

धाप लागलेली, तरी श्रीकांत माझ्यावरच चिडला. "लव्हाळ्यातून सारखी ‘अहो, अहो’ करत होतीस, म्हणून तर आम्ही तिकडे वळलो आणि खडकावर आपटलो! तू पुढे गेलीसच कशी?"

मी पुढे गेलेच नव्हते.

प्रतिध्वनी म्हणाल, तर प्रतिध्वनी ‘अहो’ला ‘अहो’च म्हणेल, ‘आलो गं’ म्हणणार नाही. इतकं फिजिक्स मला येतं. त्यापुढचं आजही येत नाही.

मी नवऱ्याला नावाने हाक मारते हे सासूबाईंना शेवटपर्यंत खटकलं. त्यांना कारण सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या मुलाला पाण्यात ओढून नेणारा आवाज माझा होता, हे कुठल्या तोंडाने सांगणार?