जुन्या नावाची खबर

तो मंगळवार मी विसरलेलो नाही आणि पोलीस खात्यानेही विसरू नये.

मिरकरवाडा बंदरात दुरुस्तीला काढलेल्या एका बोटीचा, पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणारा पितळी पंखा चोरीला गेला होता. त्या सकाळी हवालदार माझ्या ठाण्यात एका खबऱ्याची खबर घेऊन आले. चोरीची शिक्षा भोगून आलेला एक खलाशी तो पंखा हातखंब्याच्या भंगारवाल्याकडे उतरवताना दिसला म्हणे. "साहेब, जीप काढू?"

जीप गेली की काय होणार, हे मला ठाऊक होतं. त्या खलाशाला कामावर घेताना तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, बजावलं होतं, "गडी कामाला चोख आहे, ठेवतो. पण एकदा पोलीस न्यायला आले की संपला. मग बाकीचे खलाशी ऱ्हायचे नाय."

ते काम सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी मॅडमनी आणि मी खटपट करून मिळवलं होतं. आमचं म्हणणं एवढंच : सुटून आलेल्याला टिकाऊ काम द्या, हजेरीसाठी ठाण्याच्या बाकावर तासन् तास बसवू नका, कामाच्या जागी जाऊन भेटा. तो पुन्हा चोरीकडे वळण्याची शक्यता कमी होते. ही दया नव्हे, ठिकठिकाणी करून तपासलेली गोष्ट आहे. ठाण्यात मात्र त्या खलाशाला "साहेबांचा जावई" म्हणून हसत.

मी म्हटलं, "आधी खबऱ्याला आणा."

तो पान चघळत आला.

"कधी पाहिलास?"

"काल सकाळी, बंदरात मासळीचा लिलाव चालू होता तेव्हा. शप्पथ, साहेब!"

"नक्की तोच?"

"वळखत नाय काय मी त्याला?"

"काल लिलाव संपेपर्यंत तो माझ्यासमोर मासळी उतरवत होता. साध्या वेशात मी त्यालाच भेटायला गेलो होतो."

चघळणं थांबलं. चार प्रश्नांत कबुली आली. पंखा त्यानेच साथीदाराबरोबर काढला होता.

"मग त्या खलाशाचंच नाव का?"

"जुनं नाव दिलं की तुमी लोक पुढचं इचारता कुठं?"

हवालदारांनी मान खाली घातली.

पंखा साथीदाराच्या पडवीत लाकडांखाली मिळाला. पुढे कोर्टाने मुद्देमाल परत द्यायचा आदेश दिला, तेव्हा कुठे पंखा घेऊन बंदरावर जीप गेली. ती बघून खलाशी हातातलं जाळं धरून उभाच राहिला. तांडेल पुढे आला. "ह्याला न्यायला आलात?"

"नाही ओ," हवालदारच म्हणाले. "पंखा उतरवायचाय. तुमचा गडी जरा देता?"

"जा रे. पण लगेच ये, बोट काढायचीय!"

मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी आता हेच सांगत फिरतो. जुनं नाव उचलणं हा तपास नव्हे, तो आळस आहे. तो खलाशी आजही त्याच बोटीवर आहे. मी चोराला पाठीशी घातलं म्हणणाऱ्यांनो, ऐका : त्या मंगळवारी जीप काढली असती, तर चोर सुटला असता.