ग्रीक देवांना गाऱ्हाणे

गॅरेजमध्ये एक डबा असतो. उरलेले नट, बोल्ट, वायसर त्यात पडतात. टाकवत नाहीत, आणि कोण कुठल्या गाडीचा तेही पुढे सांगता येत नाही. आमच्या खेळाचे किस्से तसेच साठले. कोणी बसले की चार हाताला लागतात. लागतील तसे सांगतो.

गॅरेज माझे. डिचोलीहून साखळीकडे जाताना रस्त्यालाच. खाणीच्या ट्रकांचे स्प्रिंगचे पाटे बसवण्यात माझी उमर गेली. खाणी थंडावल्या आणि शेड मोकळी पडली. नातीने ती हेरली. सानिका मोपाला विमानतळावर काउंटरला आहे. तिची सुट्टी ज्या दिवशी, तो आमचा रविवार.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो, ती सानिका. बाकीचे त्या गोष्टीतले वीर. 'समोर दरी आहे, काय करता?' असे ती विचारते. आपण सांगायचे. जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्टीचा मुलूख तिने स्वतः रचलेला, जुन्या ग्रीक देवांच्या धर्तीवर. बेटे, डोंगरावर देव, खाली पाताळ. देवांची नावे लांबलचक. आम्ही त्यांना कामावरून ओळखतो. विजेवाला, समुद्रवाला, पाताळवाला. एक लंगडा लोहार आहे. तो माझा. एवढ्या देवांत कामाला जाणारा तो एकटाच!

* * *

सुरुवातीला दोघेच खेळत. विनायक भटजी, आणि पेडण्याचा प्रेमानंद, खाजगी बसवर कंडक्टर. तिसरा आला तो गाडी घेऊन.

भिकू दोडामार्गचा. टिप्पर चालवतो. पाटा तुटला म्हणून आला आणि काम होईपर्यंत बाकावर बसला. बायको वारल्यापासून तो कामापुरते बोलत असे. सानिका भटजींना सांगत होती, "या मुलखात मेलेली माणसे पाताळात राहतात. तिथे जायला वाट आहे."

भिकूने मान वर केली. "वाट आसा?"

"आहे."

"टिप्पर जायत?"

"नाही हो काका. चालत."

"बरा," म्हणाला आणि बाक टेबलाजवळ ओढला.

सानिकाने त्याला वीर करून घेतले. नाव विचारले. म्हणाला, "भिकू." तलवार की भाला? म्हणाला, "जॅक-पाना." तुमच्या वीराला हवे काय? खजिना, राज्य, सूड, सगळे चालते.

"बायलेक परत हाडूची."

भटजी खोकले. प्रेमानंदने चहा उगाच ढवळला. सानिकाने माझ्याकडे पाहिले. मी पाटा ठोकत होतो, ठोकत राहिलो.

तेव्हापासून आम्ही सगळे पाताळाकडे निघालेलो आहोत. पोचायला उशीर झाला, त्याची कारणे पुढे.

* * *

पहिले कारण मान.

पाताळाची वाट उघडायला विजेवाल्याच्या देवळातली मशाल हवी होती. सानिकाने तयारी जोरदार केली होती. डोक्यावर केसांऐवजी साप असलेली राक्षसीण गाभाऱ्यात दबा धरून बसवली होती.

देवळाच्या पायरीशी भटजी थांबले. "इथले महाजन, मानकरी कोण?"

"कोणी नाही. देऊळ ओसाड आहे."

"ओसाड झाले म्हणून मान जात नाही. पहिला नारळ कोणाचा?"

प्रेमानंद म्हणाला, पेडण्यात त्याच्या घराला मान आहे, म्हणून पहिला तो. भटजी म्हणाले, तो पालखीचा मान, नारळाचा वेगळा. प्रेमानंद म्हणाला, "भटजी, आमच्या आजोबाक विचारा." भटजी म्हणाले, "ते वारले." प्रेमानंद म्हणाला, "मगे? पाताळात जातोच आसंव!"

दुपार सरली. पाववाला पोदेर येऊन उंडे ठेवून गेला. सानिका हात जोडून म्हणाली, "अहो, आत राक्षसीण वाट बघते आहे!"

"बघूं दे," प्रेमानंद म्हणाला. "आधी मान ठरूं दे."

पुढच्या सुट्टीला सानिकाने राक्षसीण काढून टाकली. म्हणाली, मशाल तिथेच टाकून ती कंटाळून गेली असे समजा.

* * *

मग आला एकडोळ्या. डोंगराएवढा, घाटाची वाट अडवून उभा. सानिकाच्या हिशोबाने इथे मोठी लढाई होती. कागदावर तिने बाणसुद्धा काढून आणले होते.

"काय करता?"

भटजी उठले. पंचा खांद्यावर नीट घेतला आणि देवापुढे घालतात तसे गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा महाराजा! ही लेकरां तुझ्या शिमेत इली हत महाराजा!"

"होय महाराजा!" प्रेमानंद ओरडला.

"काय चुकला माकला तर पदरात घी महाराजा!"

"होय महाराजा!" आता भिकूही ओरडला. स्कूटरचे ब्रेक दाखवायला आलेले एक गिऱ्हाईक बाहेर उभे होते, तेही ओरडले. त्याला आत काय चालले आहे ठाऊक नव्हते. गाऱ्हाणे ऐकून गप्प राहणारा माणूस आमच्याकडे नाही.

सानिका म्हणाली, "हे नियमात नाही."

"आमच्यात आहे," भटजी म्हणाले. "टाक फासा."

तिने टाकला. वीस!

एकडोळ्या बाजूला सरकला. सानिका म्हणते, तो घाटाच्या सीमेपर्यंत पोचवायलाही आला. मला ते तिने रागाने जोडलेले वाटते.

* * *

पाताळाचे तोंड कुठे, ते सांगायला एक देवऋषीण होती. गुहेत, धुरात बसते आणि कोड्यात बोलते. सानिकाने तिच्या तोंडी कविता घातली होती. तिने डोळे मिटून ती म्हटली. चांगली म्हटली, मी हातोडा खाली ठेवून ऐकली.

प्रेमानंदने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाला, "बाये, फूल उजवा पडला काय डावा, इतक्याच सांग."

"इथे फुलांचा कौल नसतो, प्रेमानंदकाका. अर्थ तुम्ही लावायचा."

"अर्थ आम्ही लावूचो, तर ही बसली कित्याक?"

शेवटी देवऋषिणीने फूल लावले. उजवे पडले. उजवे म्हणजे होकार, आम्ही निघालो.

* * *

एकदा पणजीहून एक जण आला. तिथे हे खेळ खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, सानिकाने बोलावले होते. दाढी, बॅग, फाशांची वेगळी पिशवी. तासभर बसला आणि वैतागला.

"यात ग्रीक काय आहे? ग्रीक देव असे नसतात."

"कसे असतात?" मी विचारले.

"रागीट. मान दिला नाही तर रुसतात. भावाभावांत वाटणीवरून वाद. एकाने समुद्र घेतला, एकाने आभाळ, तिसऱ्याला तळघर दिले. तो अजून बोलत नाही."

भटजी त्याच्याकडे बघत राहिले. "आमच्या वाड्यावर कधी आला होतात तुम्ही?"

जेवायला थांबला. संध्याकाळी तोच प्रेमानंदशी भांडत होता की तळघरवाला थोरला आहे, पहिला नारळ त्याचा!

* * *

पाताळाच्या नदीवर नाव असते. नावाडी म्हातारा, तोंडाने फटकळ. काठावर मेलेल्यांची ही गर्दी. कोणी शंभर वर्षे थांबलेले, असे सानिका म्हणाली. तिला आम्हाला घाबरवायचे होते.

प्रेमानंदला गर्दी दाखवायला नको होती.

"चला, चला! फुडें सरा! आजये, तू बस. ओ मुंडीवाले, डोका हातात घेवन उभे रवा, जागा अडता! मध्ये रिकामा आसा, मध्ये सरा!"

नावाडी म्हणाला, नाव बुडेल.

"पणजीची सकाळची बस बघल्यात?" प्रेमानंदने विचारले. "ती बुडली काय कधी?"

एका खेपेत काठ रिकामा झाला. नावाड्याला त्या दिवसापासून काम नाही. आम्हीही त्याच खेपेत पलीकडे उतरलो.

* * *

आता पाताळवाल्याची भेट उरली होती. त्या सकाळी सानिका चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, या गोष्टीत एक नियम आहे. बायको मिळते. पण ती मागून चालते. वर पोचेपर्यंत वळून बघायचे नाही. बघितले की ती कायमची गेली. जुन्या गोष्टीत तो बघतो."

"मग?"

"भिकूकाकांचे काय होईल? बदलू का नियम?"

"बदललास तर त्याला कळेल," मी म्हटले. "तो खेळायला बसलाय, समजूत काढून घ्यायला नाही."

दुपारी सगळे जमले. भिकूने अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. पाताळवाल्यापुढे त्याने फक्त हात जोडले. सानिकाने फासाही मागितला नाही. पाताळवाला म्हणाला, घेऊन जा. आणि तिने नियम सांगितला.

भटजी हसले. "इतकेच? हे आम्हाला कोणी शिकवायला नको. स्मशानातून आम्ही तसेच येतो. आजवर कोणी वळले नाही."

"भिकू, जिंकलंस तू!" प्रेमानंदने टेबल थोपटले. "ते ग्रीकांका जमूक नाय, आमच्याक सवय आसा."

"वाट चढणीची आहे," सानिका म्हणाली. "मागे पावलांचा आवाज येत नाही."

"चलतंय," भिकू म्हणाला.

"तुम्हाला वाटते, मागे कोणीच नाही."

"चलतंय."

"ती हाक मारते."

भिकूने टेबलाची कड धरली. "चलतंय."

"उजेड दिसतो. दार आले. एक पाऊल राहिले."

प्रेमानंद अर्धा उठून उभा राहिला होता. भटजी पुटपुटत होते. मी हातातले काम सोडले होते.

"वळतंय," भिकू म्हणाला.

"अरे, नको!" भटजी ओरडले. "एकच पाऊल! वळू नको!"

"त्या दिवशी मसणात पण असाच सगळ्यांनी सांगितलानी," भिकू म्हणाला. "म्हणान वळाक नाय."

आणि तो बाकावर बसल्या जागी खरोखरच वळला. मागे जुन्या टायरांची चळत होती. तो बघत राहिला.

सानिकाला नियम पुढे न्यायचा होता. तिने फासा बाजूला सरकवला. शेवटी तिने विचारले, "काय दिसते, काका?"

"गजरो वाकडो माळलेलो आसा," भिकू म्हणाला. "थांब. सारको करून दितंय. मगे जाऊं दे तिका."