किती दिवसांत ड्यूटीवर?

१९७४ च्या फेब्रुवारीत माझ्या थोरल्या भावाच्या बेंबीच्या हर्नियाचे ऑपरेशन चिंचवडच्या एका छोट्या खासगी रुग्णालयात झाले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी हर्निया परत आला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

दादा एका फोर्जिंग कारखान्यात क्रेन ऑपरेटर होता. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिची केबिन दोन मजल्यांच्या उंचीवर, आणि तिथे जायला खांबाला जोडलेली उभी लोखंडी शिडी. पाळी सुरू होताना तो चढे, संपताना उतरे. मधल्या वेळेत खालचे लोक त्याचा डबा आणि चहा दोरीला बांधून वर पाठवत. गावाहून आला तेव्हा सडपातळ असलेला हा माणूस केबिनमध्ये बसून बसून शंभर किलोच्या पुढे गेला. खालून हाका येत, "राव, क्रेन बिघडली तर दुसरी मिळंल, पण तुला खाली उतरवायला काय आणायचं?" तोही वरून हसून शिवी देई.

मग बेंबीपाशी फुगवटा दिसू लागला. शिडी चढताना तो एका हाताने दाबून धरावा लागे. सुपरवायझरने ते पाहिले आणि ऑपरेशन होईपर्यंत दादाला गेटजवळ हलक्या कामावर बसवण्यात आले. तापलेले लोखंड ठोकणाऱ्या यंत्र-हातोड्याचा अवजड साचा खुणेवर अलगद टेकवणारा म्हणून शेडमध्ये त्याचे नाव होते. गेटवर त्याला कोणी काही विचारत नसे. त्याला पुन्हा वर जायचे होते. बाकी कशाशी त्याला देणेघेणे नव्हते.

कंपनीच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका सर्जनकडे पाठवले. दादा, वहिनी आणि मी गेलो. मी तेव्हा एका दैनिकात नुकताच लागलो होतो. सर्जनांनी दादाला झोपवून, उभे करून, खोकायला लावून तपासले. शेवटी वजनकाट्यावर उभे केले.

"ऑपरेशन करायला हवं. पण आत्ता नाही," ते म्हणाले. "आधी वजन उतरवा. विडी बंद. सहा महिन्यांनी या."

"आणि नाही उतरलं तर?"

"टाक्यांवर ताण येईल. ते धरतीलच असं नाही. वजन उतरवूनही हर्निया पुन्हा होऊ शकतो, पण शक्यता कमी."

"म्हणजे गॅरंटी नाही?"

"गॅरंटी पंख्याला मिळते." ते हसले नाहीत. "मधेच पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, फुगवटा आत जाईना, तर वाट बघू नका, तडक या. दुसऱ्या कोणाला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा. फक्त त्यांना एक विचारा. तुमच्या वजनाच्या माणसांची ऑपरेशनं त्यांनी केलीत का, आणि वर्षभरानं ती माणसं कशी आहेत."

परतीची बस खडकीला आली.

"स्वतःच म्हणतो, दुसऱ्याकडं जा," दादा म्हणाला. "ज्याला स्वतःच्या हाताची खात्री नाही, त्याच्यापुढं पोट उघडायचं?"

"अहो, खरं ते सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाली.

"तुला काय जातंय सांगायला? भाकरी माझ्या ताटातली जाणार."

आम्ही थेरगावात राहत होतो. आसपासच्या वस्त्यांत सगळे कारखान्यांतले लोक, आणि त्यांची सर्जन निवडण्याची एक रीत होती. कोणाचे ऑपरेशन निघाले, की आधी ज्यांचे झाले होते ते जमत आणि सदरा वर करून व्रण दाखवत. मग एकच प्रश्न विचारला जाई: किती दिवसांत ड्यूटीवर? ज्याने माणूस लवकर हजर केला, तो डॉक्टर चांगला.

पुढच्या रविवारी चहाच्या हॉटेलात दादासाठी असेच लोक जमले. गॅरेजवाल्या चाचांनी बाकावर चढून बनियन वर केले.

"बघा. शिलाई बघा! शिंप्याला जमणार नाही. पंधराव्या दिवशी मी गाडीखाली झोपलो होतो, कसम से."

"चाचा, तुमच्या पोटात होतं काय कापायला? हाडंच की सगळी," एक फिटर म्हणाला आणि त्याने स्वतःचे पोट उघडे केले. "माझं बघ राव. तीन आठवड्यांत नाइट शिफ्ट."

गावातले एक म्हातारे कोपऱ्यातून म्हणाले, "व्हय, माझ्या पोराचंबी त्यानंच केलंय. हाताला गुण हाय त्याच्या."

तिघांनीही चिंचवडच्या एकाच डॉक्टरांचे नाव घेतले होते. ज्यांचे व्रण त्या दिवशी पाहिले, त्यांतला एकही माणूस जाड नव्हता. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही.

ते डॉक्टर तरुण आणि बोलके होते. त्यांनी दादाच्या पोटावर थाप मारली. "एवढंसं तर आहे. पुढच्या आठवड्यात करून टाकू." वजनाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. बाहेर आल्यावर वहिनीने विचारले, "पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते ते विचारलंत का?"

"ते डॉक्टर आहेत. आरोपी आहेत का उलटतपासणी घ्यायला?" दादा म्हणाला. वहिनी माझ्याकडे पाहत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी." मी म्हणालो, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी दादाने परस्पर तारीख ठरवून टाकली.

ऑपरेशननंतर जखमेत पू झाला. ती भरून येते न येते तोच दादा कामावर गेला, कारण उशीर लागला असता तर डॉक्टरांचे आणि त्यांना निवडणाऱ्यांचे नाव गेले असते. कंपनीच्या डॉक्टरांपुढे त्याने पूची गोष्ट सांगितली नाही. तो शिडी चढला तेव्हा खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, असे फिटरने घरी येऊन सांगितले. वहिनीने त्याला चहा दिला.

हर्निया परत आल्यावर दादा त्या डॉक्टरांकडे एकदा गेला. ते म्हणाले, "तुमच्या वजनात असं होतं." ते खोटे नव्हते. आधी विचारले असते तर कदाचित तेव्हाही हेच सांगितले असते.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. सर्जनांनी आधीचे ऑपरेशन कोणी केले ते विचारले नाही. दादाला वजनकाट्यावर उभे केले आणि तेच सांगितले: वजन, विडी, मग ऑपरेशन. फक्त या वेळी ते अधिक अवघड असेल, असेही सांगितले. वहिनीने भात आणि तेल मोजून द्यायला सुरुवात केली. दादा रोज सकाळी थेरगावहून चिंचवडला चालत जाऊ लागला. वजन उतरायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात पोटाला पट्टा बांधून तो गेटवर बसे. एकदा जेवताना तो वहिनीला म्हणाला, "तेव्हाच ऐकलं असतं तर आत्तापर्यंत वर असतो." वहिनीने त्याला आमटी वाढली.

१९७७ मध्ये दुसरे ऑपरेशन झाले. टाके टिकले. सर्जनांनी उंच चढणे आणि जड उचलणे कायमचे बंद करायला सांगितले. कंपनीच्या डॉक्टरांनी तोच शेरा दिला आणि दादाची बदली स्टोअरमध्ये झाली. केबिनमध्ये तोपर्यंत दुसरा ऑपरेटर कायम झाला होता. १९८२ मध्ये मी थेरगाव सोडले, तेव्हा दादा स्टोअरच्या खिडकीवर बोल्ट मोजून देत होता.