स्टुडिओच्या टीव्हीवर आलेला फोटो

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत, पण भूमच्या पोलीस ठाण्यात असताना हाताळलेले ते एक प्रकरण निवृत्तीनंतरही मनातून गेलेले नाही.

बाजारचा दिवस होता. बंदोबस्त पाहून मी ठाण्यात परतलो, तोच एका फोटो स्टुडिओपुढे गर्दी जमल्याचा फोन आला. जवळच्या ईट गावच्या एका शेतकऱ्याने स्टुडिओवाल्याची गचांडी धरली होती. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी दुकानातल्या टीव्हीवर लग्नांचे फोटो एकामागून एक सरकत असत. त्यात त्याच्या मुलीचा फोटो आला होता. दोघांनाही मी ठाण्यात आणले.

मुलीने तो फोटो एकाच ठिकाणी दिला होता. ईटमध्ये ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवणाऱ्या एका बाई होत्या, त्यांच्याकडे, लातूरच्या नर्सिंग प्रवेशासाठी. बाई पोरींचे फोटो बाहेर देतात, असा बोभाटा संध्याकाळच्या आत गावभर झाला. वडिलांनी तर मुलीचे शिक्षणच बंद करायचे ठरवले.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन बाईंना बोलावले. सोबत त्यांचे दीर आले. महिला शिपायासमोर बाईंचा जबाब घेतला, स्टुडिओवाल्याला दुसऱ्या खोलीत विचारले. दोघेही एकमेकांना ओळखत नसल्याचे सांगत होते. ठरवून आलेल्या माणसांची वाक्ये कुठेतरी सारखी निघतात, हा माझा अनुभव. इथे तसे काही नव्हते.

मग मी बाईंना फोटोबद्दल विचारणे सोडले आणि दुकानात अलीकडे काही वेगळे जाणवले का, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, दुकानातला हा कॉम्प्युटर घेतल्यापासून रोजचे नेट दुपारपर्यंतच संपते.

"आत काय काय चालू असतंय ती यादी उघडून बघितली, साहेब. त्यातलं एक नाव कशाचं हाय त्येच कळंना. त्ये म्या रोज बंद करते, दुसऱ्या दिवशी मशीन लावलं की परत हजर."

व्हायरस समजून एकदा त्यांनी दिसतील ती अनोळखी नावे बंद केली, तर पडदाच काळा झाला. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. दीर तर घरी गेल्यावर मशीन कोरे करूनच टाकणार होते. मी त्यांना बजावले, हात लावू नका. बाई खरे बोलत असतील, तर त्याचा पुरावा त्या मशीनमध्येच होता.

कॉम्प्युटर कुठून घेतला, असे विचारले. बार्शीच्या एका दुकानातून, जुना, असे त्या म्हणाल्या. मी उठून शेजारच्या खोलीत गेलो आणि स्टुडिओवाल्याला विचारले, तुझा जुना कॉम्प्युटर कुठे गेला?

"बार्शीला इकला, साहेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सायबर शाखेतल्या हवालदार बाई ईटला आल्या. स्टुडिओवालाही बोलावल्याप्रमाणे स्वतःच्या गाडीवर आला. पंचांसमोर त्यांनी चालू प्रोग्रॅमची तीच यादी, म्हणजे टास्क मॅनेजर, उघडला. त्यातली निम्मी नावे मलाही चमत्कारिक वाटली. त्यांनी एकही बंद केले नाही. प्रत्येक नाव कोणत्या फाइलमधून चालते, कोणत्या कंपनीचे आहे, हे त्या पाहत गेल्या. बहुतेक विंडोजची स्वतःची निघाली, एक प्रिंटरचे, एक अँटीव्हायरसचे. उरले ते एक, बाईंनी सांगितलेले.

तो फोटो ऑनलाइन साठवणारा प्रोग्रॅम होता. स्टुडिओवाल्याने तो पूर्वी टाकला होता, मशीनसोबत आपोआप सुरू होईल असा लावला होता आणि विकताना त्यातले स्वतःचे खाते बंद करायला विसरला होता. बाईंनी फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवलेला प्रत्येक फोटो गुपचूप त्याच्या खात्यात जात होता आणि टीव्ही त्याच खात्यातून फोटो दाखवत होता.

खात्री करणे भाग होते. दुकानासमोरच्या लिंबाच्या झाडाचा फोटो काढून आम्ही त्या फोल्डरमध्ये टाकला आणि स्टुडिओत बसवलेल्या शिपायाला फोन लावून ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "साहेब, टीव्हीवर लिंबाचं झाड आलंय."

इतका वेळ ताठ बसलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीचे वडील दारात उभे होते. खात्यातून फोटो पुढे कुणालाही गेले नव्हते, हेही हवालदार बाईंनी तपासून त्यांना दाखवले. त्या मशीनवरचे स्टुडिओवाल्याचे खाते बंद केले, प्रोग्रॅम काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केले. ते नाव परत आले नाही. त्याच्या खात्यात गेलेले बाईंकडचे फोटो स्टुडिओवाल्याने आमच्यासमोर पुसले. पंचनाम्यावर सह्या झाल्या.

वडील बाईंसमोर येऊन म्हणाले, "लई बोललो तुम्हाला. पोरीचा अर्ज तेवढा तुमीच पुरा करा."

बाईंनी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवसापासून घरच्या कॉम्प्युटरवर अनोळखी नाव दिसले, तर मी ते लगेच बंद करत नाही आणि तसेच सोडूनही देत नाही. ते कुठून आले, कोणी लावले, काय करते, एवढे आधी विचारतो. माणसांच्या बाबतीतही मी हेच विचारायला हवे, हे त्या प्रकरणाने पक्के केले. त्या दिवशी ईटहून परतताना कुणालाही पकडून न्यायचे नव्हते, जीपमध्ये मागची सीट रिकामी होती, आणि ती रिकामी आहे याचा मला फार आनंद झाला.