भांडणाआधी प्रेशर

माझ्या साडूंइतका रागाला घाबरणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडला नसता. राहुरीला ते कॉलेजात जनावरांचं शरीरशास्त्र शिकवत. वर्गात सांगून त्यांचं समाधान होत नसे, म्हणून रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र काखेत मारून गावभर हिंडत. कुठे आवाज चढला की हे हजर. "मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. चिडलात की त्यांतून ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. मागून कॉर्टिसॉल येतं, ते लवकर निघत नाही," असं बजावत ते भांडणाऱ्याच्या दंडाला पट्टा गुंडाळत. एका लग्नात मानपानावरून रुसलेल्या वरबापाला त्यांनी असाच पट्टा बांधला, तर आपल्याला काहीतरी भयंकर झालंय अशा समजुतीने तो मुकाट्याने पंगतीला जाऊन बसला. लोकांनी मात्र या शास्त्राचा निराळाच अर्थ काढला: ज्याचं प्रेशर जास्त, त्याच्यावर अन्याय जास्त! बहात्तरच्या दुष्काळात पाण्यावरून भांडणारे आधी साडूंपुढे दंड करून बसत, आणि साडू कपाळावर हात मारून घेत.

स्वतःच्या भांडणात मात्र ते यंत्र काढत नसत. कोल्हारच्या थोरल्या भावाशी त्यांचा हातभर बांधावरून वाद होता. वडिलांनी रोवलेला हद्दीचा दगड दादांनी सरकवला, हे साडूंच्या मनाला फार लागलं होतं. दादा दर बाजारच्या दिवशी येत, ओसरीवर उभं राहून भांडत आणि चहा न घेता परत जात. साडू काही बांध सोडत नव्हते.

एकदा मी तिथे असतानाच दादा आले आणि त्यांनी बाही वर सारली. "मोज. माझं चढलं तर बांध माझा."

साडूंनी मोजलं. पारा दोनशेच्या वर गेला. त्यांनी पुन्हा मोजलं.

"लई हाय ना?" दादा खुशीत म्हणाले.

साडूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बांध तुझा, दादा. सगळा तुझा. फक्त चिडू नकोस."

दादा दंडावरचा पट्टा सोडू लागले. मग म्हणाले, "मंग आता मी बाजारच्या दिशी कशाला येऊ रं?"

"चहाला ये," साडू कसेबसे म्हणाले.

दादा येत राहिले. मला त्या दोघांचं फार वाईट वाटे. ओसरीवर चहा पिताना ते गप्पच असत. भांडणाखेरीज एकमेकांशी काय बोलायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.