बिननावाचा तुकडा

आमच्या गुण्यावाल्या सरांच्या खिशात पेनाऐवजी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या असायचा. सत्तरच्या दशकात परभणीच्या आयटीआयमध्ये ते आम्हाला फिटरचं काम शिकवत. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी चौरंगाचा कोपरा मोजला आणि भर मांडवात जाहीर केलं, "वाकडा हाय. पण लग्नाला चालंल."

आमच्या कामाला मात्र ते कधी 'चालंल' म्हणाले नाहीत. लोखंडाच्या घासलेल्या तुकड्याला गुण्या लावायचे, खिडकीकडे धरायचे आणि मान हलवायचे. "फटीतनं उजेड दिसायलाय की रे अजून! घास." असा राग यायचा त्यांचा!

जिनिंगवाल्यांचा आम्हा 'पुस्तकी पोरां'वर विश्वास नव्हता. म्हणून कापसाच्या हंगामाआधी सर आमचे तुकडे पिशवीत घालून, आम्हालाही सोबत घेऊन गिरण्या पालथ्या घालत. शेठच्या टेबलावर तुकडे मांडून म्हणत, "आधी काम निवडा. नाव मंग सांगतो."

मला गिरणीतली ती शिकाऊ उमेदवारी हवीच होती. आई-बाबा लोकांच्या रानात राबत होते, आणि मला रानात जायचं नव्हतं. माझा तुकडा इतका जमला, की मी अक्षरांचे लोखंडी ठसे घेऊन त्यावर आडनावासकट नाव ठोकलं. सरांनी ते पाहिलं आणि कानशीनं घासून साफ केलं. मी बौद्ध वस्तीतला. नाव का पुसलं जातं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी सरांशी अबोला धरला.

शनिवारी एका गिरणीच्या शेठनी सगळे तुकडे उलटेपालटे करून नेमका माझाच उचलला. "काम लय साफ हाय. कुणाचं?"

सरांनी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, आवाज चढवून. शेठ तुकडा खाली ठेवायला लागले.

"शेठ, निवडलं तुमीच," सर म्हणाले आणि खिशातला गुण्या पुढे केला. शेठनी तो लावून तुकडा दाराकडे धरून पाहिला. पुन्हा पाहिला. कुठंच फट नव्हती.

"सोमवारपासून येऊ द्या," ते म्हणाले.

वर्कशॉपात परतल्यावर सरांनी ठशांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "आता ठोक नाव. खोल ठोक. कुणाला घासता आलं न्हाई पाहिजे." अबोला कसा सोडावा, ते मला कळेना. मी नुसता ठोकत राहिलो. तुकडा सरांनी ठेवून घेतला.

सर गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी तो तुकडा माझ्या हातात दिला. सर दर शनिवारी त्याला तेल लावायचे म्हणे. एकाही अक्षराला गंज नव्हता.